हॉरर पटकथेचं वर्कशॉप (पुणे, सहा शनिवार) : माझा अनुभव, पाचपैकी चार स्टार

रिव्ह्यू लिहायला उशीर झालाय, वर्कशॉप संपून दोन महिने होत आले. पण मला स्क्रिप्टचा दुसरा ड्राफ्ट पूर्ण करूनच लिहायचं होतं, कारण वर्कशॉप चालू असताना सगळंच भारी वाटतं आणि त्यातलं खरंच काय हाताला लागलं ते नंतर घरी एकटं लिहायला बसल्यावर कळतं. तर आता लिहिते. सहा शनिवार, सकाळी दहा ते दुपारी दोन, फी साडेसात हजार, आणि विषय एकच, हॉरर पटकथेतली पात्रं आणि व्हिलन. कॅमेरा, एडिटिंग, साउंड यातलं काहीही शिकवत नाहीत, ते आधीच स्पष्ट सांगतात, आणि मला नेमकं हेच हवं होतं.

आधी माझं थोडं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी मूळची कुडाळकडची, नोकरी पुण्यात, आणि गेली दोन वर्षं एक हॉरर स्क्रिप्ट लिहितेय. गार्गी नावाची मुलगी आजोबा वारल्यावर दिवसकार्यासाठी कोकणातल्या घरी जाते आणि घरामागच्या विहिरीपाशी एक हडळ असते, अशी गोष्ट. ११० पानं झाली होती. ज्यांना ज्यांना वाचायला दिली त्या सगळ्यांनी सांगितलं की पाऊस मस्त, घर मस्त, विहीर मस्त, पण भीती नाही वाटली. का नाही वाटली ते कोणालाच धड सांगता येईना. मी मग मधे मधे दचकवणारे आणखी तीन सीन घातले, त्याने तर अजूनच बिघडलं.

पहिल्या शनिवारी सगळ्यांना घरातली एक जुनी वस्तू घेऊन यायला सांगितलं होतं. मी आजीचा अडकित्ता नेला. पितळी, मोराच्या आकाराचा, मोराची मान बोटं लागून लागून गुळगुळीत झालेली आणि पात्याला एका बाजूला छोटासा खड्डा. कोणी जुना टॉर्च आणला होता, कोणी देवघरातली घंटा, एकाने वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ. शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, ही वस्तू कोणाच्या हातात असायची आणि त्या हाताने आणखी काय काय केलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणाल्या, सुपारी आणलीये का? आणली होती. कापून दाखवा. मी कापली. तीस माणसांच्या खोलीत तो कट्ट असा आवाज आला, मग दुसरा, मग तुकडे ताटलीत पडल्याचा. मॅडम म्हणाल्या, आता हाच आवाज रात्री दोन वाजता माजघरातून येतोय आणि घरात जागं कोणी नाही. खरं सांगते, माझ्याच अंगावर काटा आला, आणि ११० पानांत मला हे एकदाही जमलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढे झाली. त्यांनी विचारलं, तुमच्या हडळीला काय हवंय? मी म्हटलं, बदला. कशाचा? म्हटलं, बाळंतपणात गेली म्हणून. मग गार्गीच्या मागे का लागलीय ती, गार्गीने तिचं काय केलंय? माझ्याकडे उत्तरच नव्हतं. दोन वर्षं लिहितेय आणि हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मी फक्त ती दिसते कशी एवढंच लिहीत बसले होते, केस मोकळे, पाय उलटे, हिरवी साडी.

यावर मॅडम जे बोलल्या त्यासाठी माझे साडेसात हजार वसूल झाले असं मी समजते. त्या म्हणाल्या की आपल्याकडे गावात काही वंगाळ घडायला लागलं की म्हातारी माणसं 'हे काय आहे' असं विचारत नाहीत, 'काय मागतंय' असं विचारतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की अख्खं घर हात जोडून उभं राहतं आणि गेलेल्या माणसाची इच्छा काय राहिली ते आठवायला लागतं, कोणीतरी पुढे होऊन म्हणतं की पोरीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नका, आणि मग कावळा येतो. म्हणजे आपल्या भीतीच्या मुळाशी एक राहिलेलं मागणं असतं आणि ते ज्याच्याकडे मागायचं असा एक जिवंत माणूस असतो. हे दोन्ही नसेल तर तुमच्याकडे फक्त मेकअप आहे, असं त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

मग बोर्डवर तीन रकाने आखले. जागा, मागणं, मर्यादा. आणि आम्हाला आमच्या आजीआजोबांकडून ऐकलेली भुतं भरायला लावली. मुंजा, जागा पिंपळ, मुंज झाली पण सोडमुंजीच्या आत गेलेला पोरगा म्हणून मागणं लग्नाचं, आणि पिंपळापासून लांब त्याची ताकद चालत नाही. आसरा, जागा पाणी, मागणं ओटीचं. चकवा, जागा रान नाहीतर माळ, त्याला तुमच्याकडून काही नकोच, तो नुसता वाट विसरायला लावतो, आणि माझी आजी सांगायची की चकवा लागला तर जागच्या जागी बसून राहायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. आता बघा, त्या चकव्यात तर अख्खा सीन तयार आहे, पात्राला पळावंसं वाटतंय आणि वाचायचं असेल तर बसून राहायचंय. आमच्या आजीला पटकथा हा शब्दही माहीत नव्हता पण भुताला नियम पाहिजे हे तिला पक्कं माहीत होतं.

मी तिथे आमच्या भागातल्या देवचाराचं, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताचं सांगितलं, आणि वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबा या ग्रामदेवाचं. आरवलीला लोक वेतोबाला केळीचे घड वाहतात आणि मोठ्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्रीचा गावाची सीम फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. लहानपणी मी त्या चपला बघितल्या की आईचा पदर सोडायचे नाही. पण तो तर राखणदार, गावाला सांभाळणारा. मॅडमनी तिथेच मला थांबवलं आणि विचारलं की मग ज्याची भीती वाटते तोच आपल्या बाजूचा असेल तर? तुमच्या गोष्टीत खरा व्हिलन कोण आहे, विहिरीवरची ती बाई की घरात बसलेलं कोणी? त्या दिवशी स्वारगेटपर्यंत मी चालत गेले, बसमधे बसायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या शनिवारी उदाहरणं घेतली, आणि मला आवडलं ते हे की सुरुवात 'झपाटलेला'पासून केली. १९९३ चा सिनेमा, वर्गातल्या सगळ्यांना तोंडपाठ. त्यातला गुंड तात्या विंचू, ज्याचा जीव बाहुल्यात शिरतो, तो त्याच तीन रकान्यांत बसवून दाखवला. जागा बाहुला, मागणं परत माणसाचं शरीर, आणि मर्यादा अशी की आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरता येणार, म्हणजे हिरो लक्ष्याच्या. तो एक नियम काढून टाका, तात्या विंचू कोणाच्याही अंगात शिरू शकतो असं करा, मग त्याने लक्ष्याच्याच मागे का लागायचं? सिनेमा तिथेच संपतो. आपण तो सिनेमा हसत हसत बघितला पण लहानपणी घरातल्या बाहुल्या कपाटात कोंबल्या होत्या की नाही सांगा, आमच्या घरात तरी कोंबल्या होत्या. दुसरं उदाहरण १९७५ च्या 'जॉज'चं, की तिथला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून दिग्दर्शकाला तो न दाखवताच भीती उभी करायला लागली आणि पहिला तासभर मासा नीट दिसतच नाही. मॅडमनी मग आम्हाला सांगितलं, पहिल्या चाळीस पानांतून तुमचा व्हिलन काढून टाका, फक्त त्याच्या खुणा ठेवा. घरी जाऊन मी हडळीचे सात सीन खोडले. जिवावर आलं होतं पण खोडले.

आता तिसरा शनिवार, माझ्या मते अख्ख्या वर्कशॉपमधला सगळ्यात चांगला. गाऱ्हाणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे काही शुभकार्य असो, संकट असो, ग्रामदेवतेसमोर उभं राहून मोठ्याने मागणं मांडतात, एक जण 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एक्सरसाइज असा होता की तुमच्या प्रत्येक पात्राचं गाऱ्हाणं लिहायचं. तो माणूस देवासमोर उभा आहे, खोटं बोलायची सोय नाही, काय मागेल? आणि हे व्हिलनचं पण लिहायचं, आणि असं लिहायचं की ऐकणाऱ्याला 'व्हय म्हाराजा' म्हणावंसं वाटलं पाहिजे. हा शेवटचा भाग फार अवघड आहे. वर्गात जो तो आपलं गाऱ्हाणं वाचायचा आणि बाकीच्यांनी मनापासून वाटलं तरच 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एका मुलाच्या मांत्रिकाने 'मला जगावर राज्य करू दे' मागितलं, कोणीच काही बोललं नाही. त्याने तिथेच बसून बदललं, 'माझ्या हाताला जो गुण होता तो परत दे, लोक दारात यायचे थांबलेत', आणि अर्धा वर्ग आपोआप बोलला. मी बघितलंय ते, पात्र डोळ्यांसमोर जिवंत झालं.

माझी गोष्ट त्या आठवड्यात पूर्ण उलटीपालटी झाली ती थोडक्यात सांगते, म्हणजे हे वर्कशॉप नक्की काय करतं ते कळेल. हडळ कोण, तर गार्गीच्या आजोबांची बहीण सुमन. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. वडील नुकतेच वारलेले, आणि १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीचाही हिस्सा आलेला, म्हणून आजोबांचा धाकटा भाऊ अण्णा तिच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवतो. ती सही करत नाही. त्याच रात्री तिला कळा सुरू होतात, पाऊस, रस्ता बंद नाही, गाडी मिळाली असती, पण अण्णा उठत नाही. तो माजघरात सुपारी कातरत बसतो. बस, एवढंच करतो तो. कट्ट, कट्ट, पहाटेपर्यंत. आणि आज अण्णा पंचाहत्तरी ओलांडलेले, गावात मान असलेले, गार्गीचे सगळ्यात लाडके चुलत आजोबा आहेत, तिला 'चेडवा' (पोरी) म्हणून हाक मारतात, तिच्या पानात स्वतःच्या हाताने तूप वाढतात. गार्गीचे वडील आधीच गेलेत, म्हणून आता वारलेल्या थोरल्या आजोबांच्या वाट्याला सातबाऱ्यावर आता तिचं नाव लागणार, आणि तेराव्याच्या दिवशी अण्णा तिच्यापुढे तोच कागद ठेवणार आहेत. तेरा दिवस, एक सही. विहिरीवरची बाई गार्गीला मारायला आलेलीच नाही, ती तिला सही करण्यापासून थांबवायला आलीय, फक्त तिला बोलता येत नाही म्हणून तिचं प्रत्येक येणं भयंकर वाटतं.

अण्णांचं गाऱ्हाणं मी असं लिहिलं, 'बा देवा म्हाराजा, ह्या घराची चूल एकच ऱ्हवांदे'. आणि सुमनचं, 'माजा नाव कागदार येवंदे, म्हाराजा'. दोन्ही वाचली. दोन्हीला वर्ग 'व्हय म्हाराजा' म्हणाला. अण्णा स्वतःला वाईट समजतच नाहीत, त्यांनी घर एकत्र ठेवलं एवढंच त्यांना दिसतं, गणपतीला चाळीस माणसं एका पंगतीला बसतात ती त्यांच्यामुळे बसतात. रात्री आईला फोनवर हे वाचून दाखवलं तर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, आमच्या माहेरी पण सगळ्या बहिणींनी सह्या केल्यात गो. भुताचं तिने काही विचारलंच नाही.

गार्गीवर मात्र मला अजून काम करायचंय. मुख्य पात्राबद्दल मॅडमचं म्हणणं सोपं होतं, हॉररमधला हिरो घरातून पळून का जात नाही याचं उत्तर त्याच्या स्वभावात पाहिजे, बंद पडलेल्या गाडीत नको. माझी गार्गी भांडण नको म्हणून कुठेही सही करून मोकळी होणारी मुलगी आहे, ऑफिसात पण, नात्यात पण. म्हणून ती थांबते, म्हणून अण्णांना ती सोपी वाटते. हे कागदावर बरोबर आहे पण सीनमधे अजून उतरत नाहीये.

चौथ्या शनिवारी थोडं गरम झालं. एकाच्या कथेत विधवा बाई करणी करते आणि गाव तिला शेवटी जाळतं आणि तिथे सिनेमा संपतो, सुखान्त. मॅडम म्हणाल्या की ही गोष्ट लिहायला मी मनाई करणार नाही, पण चेटकीण ठरवून बायकांना मारहाण, गावाबाहेर काढणं हे खरं घडत आलंय, महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला तो उगाच नाही, त्याच वर्षी ऑगस्टमधे याच शहरात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. तेव्हा तुमचा कॅमेरा त्या बाईकडे कोणाच्या नजरेने बघतो ते ठरवून लिहा. काही जणांना हे लेक्चर वाटलं, हॉररमधे हे कशाला असं चहाच्या वेळी बोलत होते. मला पटलं. कारण हडळ, जखीण, चेटकीण, यातली प्रत्येक बाई आधी कोणीतरी अन्याय केलेली बाई असते आणि आपण लेखक लोक तो अन्याय दोन मिनिटांच्या फ्लॅशबॅकमधे गुंडाळतो आणि उरलेले दोन तास तिलाच पळवून पळवून मारतो.

आता जे खटकलं ते. जाहिरातीत पंधरा जणांची बॅच लिहिलं होतं, प्रत्यक्षात तीस. म्हणजे दर शनिवारी फार तर निम्म्या लोकांचं लिखाण वाचून व्हायचं, मी दोनदा तशीच परत आले, आणि मी पहाटे उठून पानं तयार केलेली असायची त्यामुळे वाईट वाटायचं. पाचवा शनिवार पूर्ण वाया, पाहुणे बोलावले होते, ते दोन तास ओटीटीवाल्यांना सध्या काय चालतं यावर बोलले आणि व्हिलनचा व पण निघाला नाही. नोट्सची पीडीएफ सगळी इंग्रजीत आणि त्यातली उदाहरणंही तिकडचीच, वर्गात मात्र मुंजा आणि देवचार, मग तेच नोट्समधे का नाही? पूर्ण ड्राफ्टवर लेखी फीडबॅक देणार असं कबूल केलं होतं, तो पाच आठवड्यांनी आला आणि चार ओळींचा होता. आयोजकांना मी हे सगळं मेलवर कळवलंय, बॅच लहान करू असं उत्तर आलंय. एक स्टार याच्यासाठी कापला, नाहीतर पाच दिले असते. शेवटच्या दिवशी स्क्रिप्ट रजिस्टर कशी करायची ते सांगितलं, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद झालं की ऑनलाइन होतं, कोणालाही पाठवायच्या आधी करून ठेवा, हे कामाचं होतं, पण दहा मिनिटांत उरकलं.

कोणी करावं? ज्याच्याकडे निदान अर्धी लिहिलेली कथा आहे आणि कुठेतरी अडकलीय त्याने नक्की. नुसती आयडिया घेऊन आलेले दोघं-तिघं होते, त्यांना तिसऱ्या आठवड्यापासून जड गेलं, कारण गाऱ्हाणं लिहायला आधी माणूस लागतो. आणि ज्यांना फक्त दचकवणाऱ्या सीनच्या युक्त्या शिकायच्यात त्यांनी पैसे घालवू नका, त्या इथे मिळत नाहीत.

पुढच्या बॅचवाल्यांसाठी दोन गोष्टी. पार्किंग नाही, दुचाकी पण गल्लीच्या तोंडाशी लावायला लागते, आणि खोलीत पंखे आहेत पण दुपारी उकडतं, पाणी सोबत न्या. आणि ती पहिल्या दिवसाची वस्तू घाईत उचलून नेऊ नका, आई-आजीला विचारून नीट शोधा, कारण सहाही शनिवार तीच वस्तू तुमच्या व्हिलनच्या हातात राहणार आहे. माझा अडकित्ता अजून टेबलावरच आहे, आईने दोनदा परत मागितलाय, तिसरा ड्राफ्ट झाला की देईन असं सांगितलंय.